यज्ञेश्वर सरांच्या गाडीचा आवाज

सावेडीतल्या यज्ञेश्वर सरांची जुनी गाडी सकाळी सुरू झाली की डब्यात चमचे टाकून हलवल्यासारखा आवाज यायचा. तो साऱ्या गल्लीला यायचा, सरांना सोडून. निवृत्तीनंतर त्यांचे कान हळूहळू गेले होते आणि ही गोष्ट फक्त त्यांना आणि त्यांच्या पत्नीला, इंदूताईंना, ठाऊक होती. कुणी बोललं की सर त्याच्या ओठांकडे बघत आणि जरा थांबून मोघम उत्तर देत. त्यामुळे गल्लीत ते फार विचारी गणले जाऊ लागले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

गाडी चालवायची पद्धतही दोघांनी बसवून घेतली होती. मागून हॉर्न आला की इंदूताई सरांच्या गुडघ्यावर टिचकी मारायच्या. ट्रक असेल तर चिमटा. अशा रीतीने दोघं अधूनमधून बेलापूरला इंदूताईंच्या बहिणीकडे जाऊन धडधाकट परत येत.

मग पुण्याहून मुलगा सुहास आला आणि त्याने सकाळी तो आवाज ऐकला.

"बाबा, एवढा खडखडाट ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"येतो की," सर म्हणाले.

"मग दुरुस्त करा, नाहीतर ही गाडी मी विकून टाकतो. रस्त्यात बंद पडली तर आईला घेऊन कुठे उभे राहाल?"

सरांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. गाडी गेली की बेलापूर गेलं, आणि मग सुहासच्या सवडीची वाट बघत बसायचं. पण सुहासने शंका काढली होती ती इंजिनाच्या प्रकृतीबद्दल, सरांच्या नव्हे. इंजिन बरं करता येतं.

मेकॅनिक पहिला प्रश्न काय विचारणार हे उघड होतं. म्हणून आदल्या दिवशी इंदूताईंनी स्वयंपाकघरात तो आवाज तोंडाने काढून दाखवला. सरांनी तो ओठांवरून पाठ केला.

"आवाज कसा येतो, सर?" गॅरेजवाल्या भीमराजने विचारलं.

"खळ्ळखळ्ळखळ्ळ," सर म्हणाले. "मग थोडा खुळखुळ, मग बंद."

भीमराजने मान डोलावली. "टायमिंग चेन ढिली पडलीय. तिला ताणून धरनारा टेन्शनर गेलाय. आसंच पळवलं तर चेन दात सोडंल अन् इंजिनाचा खुर्दा हुईल. बदलून टाकू."

त्याने इंजिनाची पुढची बाजू उघडून नवा टेन्शनर बसवला. चेन ज्यांवर घासते त्या पट्ट्या झिजल्या होत्या, त्याही बदलल्या. शिवाय मनाने चांगला माणूस, म्हणून इंजिनाखालची, त्याची थरथर शोषून घेणारी चिरलेली रबरंसुद्धा नवी टाकली.

रविवारी सगळे गाडी आणायला गेले. सर स्टिअरिंगशी, इंदूताई शेजारी, सुहास आणि भीमराज बॉनेटजवळ. सरांनी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली की स्टिअरिंग हातात थरथरायचं, त्यावरूनच त्यांना कळायचं. आज काहीच थरथरलं नाही. त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली.

चालू इंजिनावर स्टार्टर मारला की करवतीने पत्रा कापल्यासारखा आवाज होतो. भीमराजने दात आवळले. समोरच्या वडापावच्या गाडीवरची माणसं वळून बघू लागली. सरांना वाटलं, बिचारे काळजीने बघताहेत. त्यांनी किल्ली आणखी जोर लावून धरून ठेवली. इंदूताईंनी गुडघ्याला चिमटा काढला. ट्रक कुठे दिसेना.

"भीमराज, सुरूच होत नाही रे," सर खिडकीतून म्हणाले.

"चालू हाय, सर," भीमराज खाली बघत म्हणाला. खाली बघितल्यामुळे त्याचे ओठ दिसले नाहीत. सरांनी किल्ली पुन्हा फिरवली.

सुहास खिडकीशी आला. तो चिडलेला नव्हता. त्याने सरांचा हात किल्लीवरून अलगद बाजूला केला, तेव्हा सरांना कळलं की सगळ्यांना सगळं कळलं. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त बेलापूरचं वाईट वाटलं. ते उतरले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

सुहास स्टिअरिंगशी बसला. निघायच्या आधी मागे वळून, ओठ नीट दिसतील असं सावकाश म्हणाला, "आवाज पूर्ण गेला, बाबा."

"मला कधी आलाच नव्हता," सर म्हणाले.