मोहाखालचा पाला

मित्रांनो, माणसांच्या पाठीवर बसून जंगल हिंडलेला मी एक जुना ब्लोअर आहे. ब्लोअर म्हणजे पाला उडवणारं यंत्र. सोंड लांब, आवाज दांडगा. यावलच्या जंगलात मला आणलं त्या दिवशी माझ्यासमोर नारळ फोडला, गळ्यात हार घातला आणि मी उगाच फुगलो.

माझं काम जाळरेषा काढायचं. वणवा लागलाच तर तो पुढे सरकू नये म्हणून जंगलातला एक पट्टा झाडून मोकळा ठेवायचा. दहा माणसांचं काम मी एकटा उरकायचो आणि शाबासकी मनसोक्त ऐकायचो. पुढे नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी कोठीत झाली. तिथे दोन वर्षं पालींनी माझ्या सोंडेत संसार थाटला.

अलीकडे ऊन लवकर चढतं. यंदा तर फेब्रुवारीतच पाला कुरकुरीत झाला. पाड्यावरच्या कमलबाई दरसाल त्यांच्या मोहाच्या झाडाखालचा पाला पेटवायच्या, कारण जमीन साफ नसली तर गळलेली फुलं वेचता येत नाहीत. गेल्या वर्षी त्याच आगीला वारा लागला आणि अर्धी टेकडी जळाली. म्हणून नव्या वनरक्षक कामिनीताई त्यांना समजवायला गेल्या.

कमलबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पाला जाळला नाही त फुलं दिसतीन कशी? माह्या घरचं मीठमिरची याच झाडावर हाये, पोरी."

कामिनीताईंनी दोन दिवस मागून घेतले. मला कोठीतून काढून, मोटारसायकलला बांधून त्यांनी यावलला मुख्तारभाऊंकडे नेलं. ते फवारणी पंप दुरुस्त करतात. मी काही केल्या सुरू होईना. मला तर भंगारवाला दिसू लागला. मुख्तारभाऊंनी हवेची जाळी काढली, तर धुळीचा हा एवढा गोळा.

"मशीन चांगलं आहे, ताई. नाक तेवढं चोंदलंय," ते म्हणाले. मग दोरी ओढली, आणि मी असा गरजलो की समोरच्या चहावाल्याने कानांवर हात ठेवले.

मोहाची फुलं पहाटे गळतात, म्हणून आम्ही आदल्या संध्याकाळीच झाडाखाली पोहोचलो. कमलबाई काडेपेटी घेऊन तयारच होत्या. मी सोंड फिरवली. पाल्याचे थर भराभर बाजूला सरले. इतक्यात कमलबाईंनी हात वर करून मला थांबवलं.

पाल्याखाली चार-चार बोटं उंचीची मोहाची रोपं उभी होती. कमलबाई खाली बसल्या. एका रोपावरची माती त्यांनी पदराने पुसली.

"मले वाटे, ह्या झाडाले पोरंच होत नाहीत," त्या म्हणाल्या. "अन् दरसाली मीच त्यांले जाळत होती."

दुसऱ्या दिवशी साफ जमिनीवर फुलांचा सडा पडला. टोपली भरली, तरी कमलबाई घरी जायला तयार नव्हत्या. आधी त्यांनी रोपांभोवती काट्यांचं कुंपण घातलं, मगच टोपली डोक्यावर घेतली. यंदा टेकडीवर धूर दिसला नाही. आता मला दुसऱ्या पाड्यांवरूनही बोलावणं येतं आणि मी पुन्हा फुगतो.

मित्रांनो, मला नाही बोलावलंत तरी चालेल. पण पाला पेटवण्याआधी एकदा हाताने बाजूला सारून बघा. खाली कुणीतरी वाढत असेल.