वाढणाऱ्याची बाजू

यशवंतरावांनी सुनेला गणित शिकवायचं कबूल केलं, त्यात त्यांचा फायदा साधा होता: होळीच्या पुरणपोळ्या. डॉक्टरांनी गोड बंद केलेलं. बायको राधाबाई डब्यावर डोळा ठेवून असायच्या. पण शिकवणी म्हटली की उदाहरण लागतंच.

पद्मिनीचा फायदा मोठा होता. ती ज्या संस्थेत लिपिक होती, तिथली परीक्षेतून मिळणारी वरिष्ठ लिपिकाची जागा. गेल्या वर्षी ती थोडक्यात हुकली. आकडेमोडीत ती पक्की. पण शाळा हिंदी, आणि पेपर इंग्रजी. ‘ॲट लीस्ट फाइव्ह’ दिसलं की पाच किंवा त्याहून कमी लिहून मोकळी.

“बाबा, लीस्ट मतलब सबसे कम ना? मग पाचच्या वर कशी जाऊ?”

“वाक्य कोन बोलून राहिलं ते पाह्य,” यशवंतराव ताट पुढे ओढत म्हणाले. “पोळ्या आन. तू यजमानीन, मी पाहुना. कर आग्रह.”

“दोन तरी घ्याच, बाबा.”

“हे झालं ॲट लीस्ट. दोनाच्या आत तू मले उठू देशीन?”

“नाही.”

“अन् तीन खाल्ल्या तर रागावशीन?”

“कशाला रागावू?”

“मग वाढ तिसरी.”

तिसरी आली. वर तूपही.

“आणि ॲट मोस्ट?”

“ते पाहुन्याचं बोलनं. ‘दोनच, जास्त नको.’ एक खाल्ली तरी चालते, तिसरी चालत नाही.”

“नॉट लेस दॅन?”

“वाढनारी.”

“नो मोर दॅन?”

“जेवनारा.”

“हव, समजलं,” पद्मिनी हसली.

“अवो, मग तुम्ही काहून नाही म्हनत नो मोर?” राधाबाई दारात उभ्या होत्या.

“तो धडा उद्या,” यशवंतराव म्हणाले आणि घास तोंडात घातला.

धडे चार दिवस चालले, म्हणजे पुरण संपेपर्यंत.

परीक्षेत पद्मिनी प्रत्येक प्रश्नाला मनात विचारत गेली: हा वाढतोय की जेवतोय? यादी लागली, तिच्यात तिचं नाव होतं. त्याच आठवड्यात राधाबाईंनी नवऱ्याला रक्त तपासायला नेलं. आकडा डॉक्टरांनी मोठ्यानं वाचला.

आता रोज सकाळी कारल्याचा रस येतो. यशवंतराव तोंड वाकडं न करता ग्लास रिकामा करतात, मिशी पुसतात आणि ऑफिसला निघालेल्या सुनेकडे बघतात. जागा पद्मिनीला मिळाली, वाढीव पगार घराला. शिकवणीची फी तेवढी मास्तरांनी भरली.