चकतीवरचं तेल

अंगणवाडीच्या विमलताईंची सायकल तिसऱ्यांदा मुख्तारच्या दुकानासमोर उलटी उभी होती. कळंबच्या या मिस्त्रीने दोन महिन्यांत ब्रेकचे पॅड दोनदा बदलले, वायर ताणली, चाकाची चकती स्पिरिटने पुसली. दोन दिवस ब्रेक लागे, मग कुईं कुईं ओरडे आणि धरतच नसे. परवा अंगणवाडीच्या उतारावर ताई थेट तुरीच्या वावरात जाऊन थांबल्या. कोपर सोलवटलं, त्याचं काही नाही. पण त्यांना पाहिलं की अंगणवाडीची पोरं उताराच्या तळाशी धावत येतात, रोज, अगदी सायकलीसमोर.

मुख्तारने चकतीवर बोट फिरवून नाकाशी नेलं.

"काकू, भजे ह्याच्यावरच तळता का घरी?"

"काहून रे?"

"फल्लीचं खायाचं तेल आहे ना हे! दोन पॅड ह्या चकतीले चिमट्यावानी धरते. तेल लागलं की सटकते. पॅडनं तेल पेलं, की मग पुसून काई होत नाही. साखळीले द्या ना तेल, इथं कायले?"

तेल कोण लावतं, ते ताईंना तिथेच कळलं.

त्यांचे यजमान पुंडलिकराव. जन्मभर बैलगाडी हाकली, पण आखाला वंगण दिल्याशिवाय कधी जुंपली नाही. दोन वर्षांपासून त्यांची आठवण विरत चालली होती. मुलाचं नावही सुटलं होतं. चाक कुरकुरलं की तेल द्यायचं, एवढं मात्र हातांना ठाऊक होतं.

नवे पॅड बसवून घेऊन ताई घरी आल्या. संध्याकाळी त्यांनी अंगणवाडीतली पाटी काढली, अर्धीला तेल चोळलं आणि पेन्सिल यजमानांच्या हाती दिली.

"लिहा."

पेन्सिल कोऱ्या भागावर चालली, तेलावर घसरली.

"अवो, ब्रेकचंही तसंच होते. तेलावर धरत नाही."

"मंग तेल नाही लावाचं," पुंडलिकराव आपणहून म्हणाले. एखाद्या पोराला पहिलं अक्षर जमावं तसा त्यांचा चेहरा उजळला. ताईंनी तीनदा वदवून घेतलं. तिन्ही वेळा बरोबर.

सकाळी डबा बांधून त्या बाहेर आल्या, तर यजमान चाकापाशी उकिडवे बसलेले, बोटं तेलाने माखलेली.

"कुरकुरत होतं वं," ते म्हणाले. "तू पडशीन ना."

ताईंनी तेलाची बाटली कुलपात ठेवली, तर त्यांनी समईतलं तेल घेतलं. सायकल शेजारच्या गोठ्यात लपवली, तर ते तिला शोधत अनवाणी गावभर फिरले. शेवटी ताईंनीच ती परत आणून अंगणात लावली. मुख्तारकडे जाणं सोडलं.

आता त्या अर्धा तास आधी निघतात.

"लागून राह्यला ना ब्रेक?" पुंडलिकराव फाटकाशी विचारतात.

"लागते. एकदम मस्त."

उताराच्या तोंडाशी त्या खाली उतरतात, दोन्ही हातांनी हँडल मागे ओढत, टाचा रोवत चालू लागतात. सायकल पुढे खेचते. खालून पोरं धावत सुटतात, आणि ताई वरूनच ओरडतात, "थांबा रे, तिथंच थांबा!"