झाकणाखालचं पाणी

मित्रांनो, मी केज तालुक्यातला एक जुना बोअर आहे. माझ्या पोटात पाणी आहे आणि डोक्यात राग. आधी राग ऐका, पाण्याचं नंतर सांगतो.

माझा जन्म विद्यापीठाच्या एका संशोधनातून झाला. दुष्काळात जमिनीखालचं पाणी किती खाली जातं, ते त्यांना शोधायचं होतं. पैसा एका मोठ्या कंपनीचा, डोकं विद्यापीठाचं आणि जागा बायकांच्या दूध संस्थेची. संस्थेच्या गोठ्यामागेच मला खोदलं. पांढरा धुरळा उडत होता आणि एकदम ओला गाळ वर आला, तेव्हा बायका लेकरांसारख्या नाचल्या! संस्थेच्या अध्यक्ष सत्यभामाबाई. त्यांनी हळदीकुंकू वाहून नारळ फोडला. आमच्या गावात ज्याच्या हातानं नारळ फुटतो, बोअर त्याचा. विद्यापीठाच्या देशमाने सरांनी हसत हसत फोटो काढला. हे पाणी वापरायचं नाही, नुसतं मोजायचं आहे, हे त्या दिवशी त्यांनी तोंडातून काढलं नाही. करारात होतं म्हणे कुठेतरी! बायकांनी विश्वासावर सही केली होती.

दुसऱ्या दिवशी माझ्यात मोजणीचं यंत्र सोडलं. वर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप, आणि किल्ली सरांच्या खिशात. फलकावर मात्र ठळक अक्षरांत लिहिलं, 'सहयोगी: महिला दूध संस्था'. वा रे सहयोगी! राखण करायला सहयोगी, पाहुण्यांना चहा द्यायला सहयोगी. काही ठरवायची वेळ आली की यांना कोण विचारतो?

सुरुवातीला माझं लई कौतुक झालं. मीही फुशारलो, खोटं कशाला बोलू?

मग दोन पावसाळे कोरडे गेले. विहिरी आटल्या. टँकर यायचा तो माणसांपुरता. गोठ्यातल्या गाई हंबरायच्या आणि त्यांच्यापासून चार पावलांवर मी भरलेला! सत्यभामाबाईंनी सरांना गाठलं.

"सर, झाकण उघडा. जनावरं मरायलीत."

सर वाईट माणूस नव्हते. घाम पुसत म्हणाले, "उपसा केला तर सगळी मोजणी वाया जाईल, बाई. कंपनीची परवानगी लागेल."

"मंग आमाला आधी कावून न्हाई सांगितलं? नारळ तर माझ्याच हातानं फोडून घेतला की तुमी!"

सरांनी कंपनीला पत्र धाडलं. कंपनीनं विद्यापीठाकडे बोट दाखवलं, विद्यापीठानं कंपनीकडे. संस्थेतली साखराबाई सब्बल घेऊन कुलूप फोडायला आली, तर सत्यभामाबाईंनीच तिचा हात धरला. "सही केलीया आपुन. शब्द मोडायचा न्हाई." काय जाळायचाय असला शब्द! मी आतून ओरडत होतो, पण बोअरचं कोण ऐकतं? पुढच्या बाजारी साखराबाईनं स्वतःची गाय विकली. गाईच्या गळ्यात पडून रडली बिचारी. तिच्यामागं एकेक करत सगळ्यांनीच दावी सोडली.

उन्हाळा सरता सरता सर जीपमधून उतरले, चेहरा फुललेला. "बाई, परवानगी आली! घ्या पाणी. आणि दुसरा टप्पाही मंजूर झालाय. सहयोगी म्हणून पुन्हा तुमचीच संस्था. इथं सही करा."

सत्यभामाबाईंनी कागद हातात घेतला नाही. "कुण्या संस्थेची सही, सर? दूध संस्थेत आता दूधच न्हाई."

सरांची मान खाली गेली. जाऊ दे! मला त्यांची मुळीच दया आली नाही.

मित्रांनो, उद्या तुम्ही शिकाल, मोठी कामं कराल. कुणाला सोबत घेतलंत, तर काय करता येईल आणि काय नाही, ते पहिल्याच दिवशी तोंडानं सांगा. अडचण आली तर त्यांना बाहेर उभं करू नका. माझं झाकण आता उघडं आहे. पाणी अजून तेवढंच आहे, पण गोठ्यात प्यायला एक गाय नाही.