बाहेरची कडी

आमच्या थोरल्या लेकाला बायकांची भारी काळजी. इतकी, की पुरानंतर आम्हा बायकांना त्यानं गोदामाच्या वरच्या खोलीत ठेवलं आणि दाराची आतली कडी उपसून बाहेरून ठोकली. गावात परकी माणसं फिरतात, तुम्हाला जपतोय, म्हणाला. जपायला आम्ही काय काचेच्या बरण्या आहोत?

खोलीला एकच खिडकी, तीही गजांची. ओल्या अंथरुणांच्या कुबट वासानं डोकं उठायचं. मोरीला जायचं तरी आधी दार बडवायचं, मग खाली पत्ते कुटणाऱ्यांतल्या एखाद्याला दया येईल तेव्हा सुटका. माझ्या जावेनं तर पाणी पिणंच सोडलं.

त्यात सकाळी सुनेला शिलाईच्या कारखान्यातून निरोप आला. आज चिखल उपसायचाय. येईल तिचं मशीन तिला, न येणारीच्या जागी दुसरी. सुनेनं दाराच्या फटीतून नवऱ्याची विनवणी केली. आधी घर उभं राहू दे, मग बघू, म्हणाला आणि गेला. घर काय आपल्या पायांनी उभं राहणार होतं? अर्धा संसार तिच्या शिलाईवर चालायचा, ते पुरात वाहून गेलं असावं त्याच्या डोक्यातून.

दार बडवून पोरीचे तळवे लाल झाले. मग मटकन खाली बसली. मला वाटलं, आता भोकाड पसरणार. पण तिची नजर दारावरच. दार आत उघडणारं, म्हणजे बिजागऱ्या आमच्या बाजूला. पूर चढला तेव्हा बाईनं दागिने सोडून मशीनचा पेचकस उचलला होता. तो तिनं कमरेतून काढला.

लोक काय म्हणतील, जाऊ कुजबुजली. म्हटलं, म्हणू देत, तू दार धर.

गंजलेले स्क्रू कुरकुरत सुटले. दार कलंडलं आणि कडीला लोंबकळत राहिलं. सून अंग चोरून बाहेर पडली आणि जिन्यावरून धावत सुटली.

दुपारी थोरला आला. दार बघून तोंडचं पाणीच पळालं. बायको कुठाय, म्हणून माझ्यावरच खेकसला. मी उंबऱ्यात बसलेली, उठले नाही.

"कामावर गेलीय. तुझी कडी बघ, जागची हललेली नाही. आता दार बसव आणि कडी आतून लाव. कधी उघडायची ते आम्ही ठरवू. तुला यायचं असेल तेव्हा दार वाजवायचं, आणि थांबायचं."