टिपणीस डॉक्टरांची शिकवणी

"नॉट गिव्हन!" टिपणीस डॉक्टरांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "फॉल्स नाही, नॉट गिव्हन. त्या बेटावर झाडं होती, एवढंच उताऱ्यात म्हटलंय. फळं होती की नव्हती, याबद्दल लेखकाने अवाक्षर काढलेलं नाही. मग 'फळं नव्हती' असं म्हणणारी तू कोण?"

यानहोंग पेन्सिल दातात धरून उताऱ्याकडे बघत राहिली. "पण डॉक्टर, लिहिलं नाही म्हणजे नाहीच ना?"

"ते तुझ्या डोक्यात. परीक्षेत नाही."

ती हसली आणि खोडरबर घेऊन उत्तर खोडायला लागली.

कार्डिफमधल्या त्या केअर होममध्ये दुपारची जेवणं आटोपली की यानहोंग आपल्या ब्रेकमध्ये डॉक्टर शशिधर टिपणिसांच्या खोलीत येऊन बसायची. बोलणं सगळं इंग्रजीत. डॉक्टरांचं इंग्रजी वेल्सच्या दवाखान्यांत उभी हयात घालवून मुरलेलं. तिचं शब्द घोकून घोकून कमावलेलं. चीनमध्ये, हुनान प्रांतातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात, ती आयसीयूची नर्स होती. इथे ती म्हाताऱ्या माणसांना आंघोळी घालायची. नर्स म्हणून नाव नोंदवायचं तर इंग्रजीची परीक्षा पास व्हायला हवी, आणि रीडिंगचा पेपर तिला दोनदा आडवा आला होता. 'युबिक्विटस'सारखे अवघड शब्द तिला झोपेतही सांगता यायचे. 'पुट अप विथ'पाशी मात्र गाडी अडायची.

"पुट म्हणजे ठेवणं, अप म्हणजे वर, विथ म्हणजे बरोबर," ती बोटांवर मोजत म्हणायची. "यात सोसणं कुठून आलं, डॉक्टर?"

शिकवताना डॉक्टर रंगून जात. एकदा तिने त्यांना दाखवलं, चिनी अक्षराच्या डाव्या अंगाला तीन थेंब असले की तो शब्द पाण्याशी नातं सांगतो. नदी, तळं, घाम, अश्रू, सगळ्यांना तेच तीन थेंब. डॉक्टर लहान मुलासारखे खूश झाले. "मग इंग्रजीत हायड्रो दिसलं की तेच थेंब समज!" तेव्हापासून ती तसल्या प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर तीन थेंब काढायची.

त्यांची बायको सुप्रभा गेल्यापासून त्यांच्याशी इतकं कुणी बोललं नव्हतं. होममधल्या बाकीच्या मुली 'ऑल राइट, डार्लिंग?' असं विचारत आणि उत्तर ऐकायच्या आत दाराबाहेर असत. त्यामुळे आंघोळीलाही डॉक्टरांना यानहोंगच लागे. दुसरी कुणी आली तर पाणी चटके देई, टॉवेल खरखरीत लागे. शेवटी ते आंघोळच नाकारत.

जानेवारीच्या सुरुवातीला एका दुपारी ती जवळजवळ धावतच आली.

"डॉक्टर, न्यूपोर्टचं हॉस्पिटल मला घेतंय! फक्त रीडिंगचे मार्क हवेत, आणि ते या महिन्याच्या आत." मग तिने फोनवरचा एक फोटो त्यांच्यापुढे धरला. शाळेच्या गणवेशातली, चष्मा लावलेली मुलगी. "ही माझी शिन्यी. आजीजवळ असते. केअररला मुलं आणता येत नाहीत, नर्सला आणता येतात. पण अठराच्या आतली. हिला एप्रिलमध्ये अठरा पुरी होतायत."

"म्हणजे तू जाणार," डॉक्टर म्हणाले.

"हो!" ती म्हणाली. तिला ते अभिनंदनच वाटलं.

त्या संध्याकाळी लंडनजवळच्या हॅरोहून मुलाचा, नीलचा, फोन आला; मराठी त्याचं इथेच वाढलेल्या मुलाचं, मोडकंतोडकं. "बाबा, हा वीकेंडला नाही जमणार. दियाचा बर्थडे पार्टी आहे. नेक्स्ट मंथ डेफिनेटली येतो."

"ये सवडीने," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी फोन उशीजवळ ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणीचा नूर बदलला. डॉक्टर तिला जुन्या वैद्यकीय मासिकांतले उतारे देऊ लागले. त्यातलं निम्मं परीक्षेत कधीच येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ती अडली की ते हसत. एकदा चहा घेऊन आलेल्या मुलीसमोरच म्हणाले, "हिला विचार, 'नेव्हरदलेस' म्हणजे काय. आयसीयू सांभाळत होती म्हणे!" यानहोंगचे कान लाल झाले. पुढच्या दिवसापासून जेवण सोडून तोही वेळ ती वाचायला लागली.

"तू अजून तयार नाहीस," डॉक्टर म्हणायचे. "पुढच्या वेळी बस."

"पुढची वेळ नाही, डॉक्टर."

परीक्षा शनिवारी होती. तिने सुट्टी घेतली होती. तरी भल्या सकाळी, नवा निळा कोट घालून, ती त्यांच्या दारात उभी राहिली.

"मी नसले तर तुम्ही आंघोळ करणार नाही. म्हणून आले. तुमचं आवरते आणि बस पकडते."

पाणी तिने हातावर घेऊन पाहिलं. पाठ चोळली, बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या, शर्टाची बटणं लावली. मग कोट चढवला. "विश मी लक, डॉक्टर."

डॉक्टरांनी छातीवर हात ठेवला.

"आवळल्यासारखं होतंय," ते म्हणाले. "डाव्या हाताकडे जातंय. जबड्यात दुखतंय."

आयुष्यभर त्यांनी हे वाक्य पेशंटांच्या तोंडून ऐकलं होतं. कोणता शब्द आधी यायला हवा, हेही त्यांना माहीत होतं.

मॅनेजर केरी पळत आली. तिने अँब्युलन्सला फोन लावला आणि यानहोंगला म्हणाली, "तू इथून हलायचं नाहीस. त्यांना त्रास सुरू झाला तेव्हा खोलीत तूच होतीस. तू निघून गेलीस आणि काही झालं तर मी तुला वाचवू शकणार नाही. तुझा व्हिसा आमच्या नोकरीवर आहे, विसरू नकोस." एवढं सांगून ती फाटक उघडायला खाली गेली.

अँब्युलन्स काही येईना. यानहोंग पलंगाच्या कडेला बसून राहिली. अंगात कोट, बोटं डॉक्टरांच्या नाडीवर. खिडकीखालून तिची बस गेली. मग ती खाली वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "डॉक्टर, पल्स चांगली आहे. चेहऱ्याचा रंग चांगला आहे. मी जाऊ? टॅक्सी केली तर अजून पोचेन. तुम्ही केरीला सांगा, बरं वाटतंय म्हणून."

तिच्या आवाजात आरोप नव्हता. ती विनवत होती. तिला सगळं कळलं आहे, हे डॉक्टरांना समजलं. 'जा' एवढं एकच अक्षर त्यांनी उच्चारायचं होतं. त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"नको," ते म्हणाले. "मला भीती वाटते."

तेवढं मात्र खरं होतं.

थोड्या वेळाने यानहोंगने दुसऱ्या हाताने कोटाची बटणं काढली. अँब्युलन्सवाले आले, छातीला वायरी लावून त्यांनी कागद काढला आणि म्हणाले, "तुमचं हृदय आमच्यापेक्षा ठणठणीत आहे, डॉक." डॉक्टर हसले. त्यांना भूक लागली होती.

सोमवारी ती नेहमीसारखी कामावर आली. पाणी तितकंच कोमट, टॉवेल तितकाच मऊ. दुपारी मात्र ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेवटी सकाळी ती पलंगावर चादर घालत असताना डॉक्टरांनीच विषय काढला.

"पुस्तक आण ना दुपारी. पुढच्या परीक्षेची तयारी करू."

"आता घाई नाही."

न्यूपोर्टची जागा गेली होती. केरीने ते त्यांना सांगितलं होतं. डॉक्टरांना तिचा तो शांत चेहरा बघवेना.

"खरं सांगू? तू तशीही नापासच झाली असतीस."

यानहोंगचे हात चादरीवर थबकले. "झालेही असते," ती म्हणाली आणि चादरीचं टोक गादीखाली खोचलं.

एप्रिलमध्ये एका सकाळी ती डोळे सुजवून आली. महिना कोणता, हे डॉक्टरांना माहीत होतं. आंघोळीचं पाणी तापलंय का, एवढंच त्यांनी विचारलं.

जूनमध्ये एका नव्या मुलीने चहाबरोबर त्यांना चॉकलेट केकचा तुकडा आणून दिला. "यानने आणलाय. परीक्षा पास झाली ना ती! रीडिंगमध्ये तर सगळ्यात जास्त मार्क. स्वान्सीच्या हॉस्पिटलात चाललीय, नर्स म्हणून. तुम्हाला नाही बोलली?"

"बोलली होती," डॉक्टर म्हणाले. केक त्यांनी सगळा खाल्ला.

शेवटच्या दिवशी तिने त्यांची दाढी केली. फेस लावला, हनुवटी दोन बोटांनी वर उचलली आणि वस्तरा गळ्यावरून हलकेच वर ओढत नेला. सुरकुती ताणून धरायची, मग पातं फिरवायचं. डॉक्टर छताकडे बघत होते. रात्रभर त्यांनी एक वाक्य जुळवलं होतं. इंग्रजीत नीट बसत नव्हतं म्हणून आधी मराठीत, मग पुन्हा इंग्रजीत.

"यानहोंग," त्यांनी सुरुवात केली.

"बोलू नका, डॉक्टर. कापेल."

तिने दुसरा गाल केला, मग वरचा ओठ. ओल्या कपड्याने फेस पुसला, कानामागे राहिलेला ठिपकाही टिपला. गालावरून उलटा हात फिरवून कुठे खुंट राहिले नाहीत ना ते पाहिलं. वस्तरा धुतला, बेसिन पुसलं, त्यांची खुर्ची खिडकीकडे वळवली, गुडघ्यांवर पांघरूण टाकलं आणि दार ओढून घेतलं.

मग शेजारच्या दारावर टकटक झाली. तिथल्या बाईंना ती काहीतरी लांबलचक सांगत होती, कुठेही न अडखळता, आणि मध्येच दोघी खळखळून हसल्या. डॉक्टर कान देऊन ऐकत राहिले. भिंतीपलीकडचं त्यांना नीटसं ऐकू येत नव्हतं.