काविन्याच्या मापाचा सांगाडा

आपियोच्या अंगावर त्रेपन्न मार्कर चिकटवायचे होते आणि काविन्याला त्यातला एकेक टोचत होता. मार्कर म्हणजे चण्याएवढी चमकती गोळी. काळ्या घट्ट कपड्यांवर ती ठरल्या जागी बसवायची. मग गोदामाच्या छतालगतचे चोवीस कॅमेरे फक्त त्या गोळ्या बघतात आणि पडद्यावर माणसाचा सांगाडा नाचू लागतो. पुढे त्याच्यावर गेममधल्या नायिकेचं कातडं चढतं.

पहिल्या भागातल्या नायिकेच्या आत काविन्याच होती. नैरोबीतल्या पोरी गल्लीत तिच्या उडीची नक्कल करायच्या. मग ती बोडाबोडावरून, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवरून पडली, उजवा गुडघा कामातून गेला आणि स्टुडिओच्या कोएच बॉसने तिला कॉम्प्युटरपुढे बसवलं. नशीब समज, असं सगळे म्हणाले. म्हणणाऱ्यांचं काय जातं? गुडघा त्यांचा थोडाच होता!

आता दुसऱ्या भागासाठी किसुमूची ही पोर आली होती. बुटकी, बावीस वर्षांची, पायांना जशी स्प्रिंग लावलेली. आजची चाचणी पार पडली की नायिका तिची.

"ताई, तुमची उडी मी शंभरदा बघितलीय," आपियो म्हणाली. "मला नाही जमायची तशी."

"मग आलीस कशाला?" काविन्या म्हणाली आणि हसली. हसली म्हणून ती थट्टा ठरली.

नवा माणूस आला की आधी त्याला 'टी' करायला लावतात: दोन्ही हात पसरून, पाय सरळ ठेवून, अजिबात न हलता उभं राहायचं. त्यावरून त्याच्या मापाचा सांगाडा तयार होतो. आपियोने टी केली, काविन्याने तिचा सांगाडा साठवलाही. पण सकाळी कॅमेरे तपासायला तिने स्वतःचा जुना सांगाडा उघडला होता, आणि बोलण्याच्या नादात तोच चालू राहिला. या धंद्यात ही चूक कुणाकडूनही होते. कळली की लगेच सुधारता येते.

काविन्याला ती पहिल्याच पावलाला कळली. तिची लांब हाडं आपियोच्या आखूड पायांत मावत नव्हती, त्यामुळे पडद्यावरची आकृती गुडघे मुडपून, टाचा घसरत चालत होती. गोदामात मात्र खरी आपियो अशी उडाली, की चहा घेऊन आलेली बाई किटली हातात धरून तशीच उभी राहिली. पण निवड ज्यांच्या हातात होती त्या नोम्सा मॅडम केपटाऊनहून फक्त पडदा बघत होत्या.

काविन्याचा हात माउसवर होता. एका क्लिकचं काम. तिने हात उचलला आणि चहासोबतच्या मांदाझीचा, त्या तळलेल्या गोड पावाचा तुकडा तोंडात टाकला. इतकी गोड मांदाझी तिने वर्षभरात खाल्ली नव्हती.

"ही पाय का ओढतेय?" स्पीकरमधून नोम्सा मॅडमचा आवाज आला.

"पुन्हा करते, मॅडम," आपियो म्हणाली. तिने पाच वेळा केलं. घामाने मार्कर सुटायला लागले, तिचे डोळे भरून आले.

"काविन्या, आपल्याकडून काही गडबड नाही ना?" कोएचने हळूच विचारलं.

"कॅमेरे ठीक आहेत, बॉस." कॅमेरे ठीकच होते.

शेवटी नोम्सा मॅडम कंटाळल्या. "पहिल्या भागातली मुलगी कुठे आहे? तिलाच घ्या ना."

कोएच काविन्याकडे वळला. "जमेल का गं? एकच उडी. गुडघा काय म्हणतो?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय?"

तिला मार्कर आपियोनेच चिकटवले. "बरं झालं ताई, मी कुठे चुकतेय ते तरी कळेल," ती म्हणाली. काविन्याने तिच्याकडे बघायचं टाळलं. मनातून ती नाचत होती. माझी जागा होती, माझीच राहणार, असं तिला वाटत होतं.

ती धावली, उडाली, उतरली. अंगाला सगळं आठवलं. धापा टाकत ती पडद्याकडे वळली आणि कोएचने तिची उडी परत लावली.

सांगाडा तिचाच होता, मापाला तंतोतंत. तो उजवा पाय ओढत आला, वीतभर उडाला आणि कलंडत उतरला.

मग आपियोच पुढे झाली. "बघा मॅडम, ताईंचंही तसंच दिसतंय! म्हणजे दोष यंत्राचाच. ताईंची उडी अशी असणं शक्यच नाही."

"खरंच की," कोएचचा जीव भांड्यात पडला. "काविन्या, सांगाडा तपास बरं."

सगळे मानायला तयार होते. तिने नुसती मान हलवायची होती. पण पडद्यावर ती उडी परत परत चालू होती, आणि काविन्याला ती बघवेना.

"माझा बरोबर आहे," ती म्हणाली. "आपियोचा चुकीचा होता. सकाळपासून ती माझ्या सांगाड्यावर नाचतेय."

"तुम्हाला कधी कळलं?" आपियोने विचारलं.

"पहिल्या पावलाला."

काविन्या लंगडत टेबलापाशी गेली. एरवी ती चारचौघांत जपून चालायची, आज तिने तेही केलं नाही. तिने आपला सांगाडा बंद केला आणि आपियोचा उघडला.

"टी कर," ती म्हणाली. आपियोने तिच्याकडे न बघता हात पसरले.

मग आपियो उडाली. पडद्यावर तिचे पाय सरळ होते, टाचा जमिनीवर घट्ट टेकल्या. "हीच," नोम्सा मॅडम म्हणाल्या.

काविन्याने ती उडी आपियोच्या नावाने साठवली. तिचा जीव अजून तितकाच जळत होता, आणि उडी खरोखरच सुंदर होती.